कडुलिंबावरचं गाडगं

१

गाडगं रिकामं होतं.

रुखमाबाईंनी आधी आत डोकावून पाहिलं, मग हात घातला, मग ते उलटं करून तळहातावर ठोकलं. बुडाला चिकटलेली चिमूटभर राख तेवढी पडली. हाड नाही, दात नाही, काही नाही. अस्थी धुवायला काढलेलं दूध वाटीत तसंच होतं, आणि ती वाटी धरून उभ्या असलेल्या यमुताईंना ती आता कुठे ठेवावी ते सुचेना.

"माहे नाना कुठी गेले?" रुखमाबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. दारावरून जाणाऱ्याला पत्ता विचारावा तसं विचारलं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

नाना म्हणजे नानाजी, त्यांचे वडील. खाप्याचे विणकर. हातमाग बंद पडल्यावर मुलानं, लहानूनं, त्यांना इचलकरंजीला नेलं आणि तिथेच ते वारले. मरताना त्यांचं मागणं एकच होतं, की आपल्या अस्थी खाप्याच्या कन्हान नदीतच पडाव्यात. उद्या दहावा. लहानू आणि त्याची मुलगी भूमिका अस्थी घेऊन रात्रभराच्या बसनं सकाळी नागपुरात पोचले होते, आणि त्यांना घ्यायला रुखमाबाई खाप्याहून आदल्या दुपारीच येऊन राहिल्या होत्या. इथून खापा ते किती लांब. पण आज ते विलायतेइतकं लांब झालं होतं.

यमुताईंनी अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या स्वतःच्या कमरेला. कुलूप लागल्यापासून कोणी आत आलं नव्हतं, कोणी बाहेर गेलं नव्हतं.

म्हणजे अस्थी नेणारा माणूस याच अंगणात उभा होता.

२

दिल्लीतले एक फार मोठे नेते आदल्या संध्याकाळी गेले होते. सरकारनं राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, व्यापारी संघानं बाजार बंद ठेवायचं ठरवलं, आणि सकाळ उजाडली ती शटर पाडूनच. बर्डी बंद, महाल बंद, लकडगंज बंद. एसटी आगाराबाहेर पडली नाही. मेट्रो तेवढी धावत होती, पण मेट्रो काही खाप्याला जात नाही. ऑटोवाले चौकात गाड्या आडव्या लावून झोपले होते. मोठ्या माणसानं जावं, पण गोरगरिबांच्या दहाव्याच्या तोंडावर जाऊ नये, असं यमुताईंच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच त्यांनी स्वतःच्या गालावर हलकेच मारून घेतलं.

यमुताईंचं 'विश्राम लॉजिंग' सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत. खाली चार खोल्या, वर दोन, मधे अंगण आणि अंगणात कडुलिंब. नवऱ्यामागे त्यांनीच ते चालवलं. त्याआधी टेलिफोनच्या नोकरीत त्यांचा जन्म ट्रंक कॉल जोडण्यात गेला होता. माणूस काय बोलतो यापेक्षा बोलण्याआधी कुठे थांबतो, हे ऐकायची कानाला सवय लागली ती कायमची. गल्लीत कोणाची अंगठी हरवली, कोणाची सून रुसून गेली, की लोक आधी यमुताईंकडे येत. त्यांना त्याचा मनातून अभिमान होता आणि वरून कंटाळा दाखवायची हौसही.

आजचा दिवस मात्र त्यांना सकाळपासून बोचत होता. टीव्हीवर एकच शहनाई. रस्त्यावर एकच शांतता, आणि मधूनच मोटारसायकलींवरून पोरं यायची, कुठलं दुकान उघडं आहे का ते बघून जायची. त्यातलं एक टोळकं फाटकापाशी रेंगाळलं तेव्हा यमुताईंनी भैय्याजीला कुलूप घालायला सांगितलं. भैय्याजी हा लॉजचा जुना गडी. बोलायला कमी, कामाला वाघ, आणि नजर लागण्याच्या बाबतीत फार भित्रा.

लहानू आला तेव्हा अनवाणी होता. दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा. सुतकात आहे म्हणून खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर बसला. चहाला कपही घेतला नाही, पानाचा द्रोण मागितला. यमुताईंना त्याचं कौतुक वाटलं. आजकालच्या माणसांत इतकं कोण पाळतं? पिशवीतून त्यानं लाल फडक्यानं तोंड बांधलेलं गाडगं काढलं आणि टेबलावर ठेवलं, भाकरीच्या डब्याला लागून.

"अरे बाबू, अन्नाजवळ काहून ठेवतं?" यमुताई म्हणाल्या. "अन् छताखाली नको. बाहेर झाडाले टांग."

लहानू गडबडला. हाव हाव म्हणत त्यानं गाडगं उचललं, आणि भैय्याजीनं दिलेल्या काथ्याच्या शिंक्यात घालून ते कडुलिंबाच्या खालच्या फांदीला टांगलं.

रुखमाबाई तेव्हा अंगणात उभ्या होत्या. भावा-बहिणीत फार बोलणं नव्हतं. बापाला गाव सोडायला लावलं, माग मोडीत काढला, याचा राग त्यांच्या मनात होता, आणि त्या राग लपवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी भावाला एवढंच विचारलं, की वाटेत हाक देत आला ना? अस्थी नेताना वाटेत नदी लागली, गाडी बदलली, की गेलेल्या माणसाला हाक देऊन सांगायचं, चला, आता पूल आला, आता उतरायचं. नाहीतर तो वाटेतच राहतो, असं त्यांच्याकडे मानतात. लहानूनं मान हलवली. भूमिका, त्याची कॉलेजातली मुलगी, चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

गाडी मिळणार नाही हे पक्कं झालं तेव्हा रुखमाबाईंनी ठरवलं, की बसून राहण्यापेक्षा अस्थी दुधानं धुवून घ्याव्यात. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या तेव्हा त्या नव्हत्या. तेवढं तरी आपल्या हातून व्हावं. लहानू म्हणाला, सारं बंद आहे, दूध कुठून आणता? पण गवळी आला. त्याच्या म्हशींना दुखवटा माहीत नव्हता. भैय्याजीनं फाटकाच्या गजांतून भांडं पुढे करून दूध घेतलं.

मग रुखमाबाई डोक्यावरून आंघोळ करायला गेल्या. त्या परत येईपर्यंत गाडगं कडुलिंबाला टांगलेलंच होतं, फडकं बांधलेलंच होतं. दोरीची गाठ ओली असताना मारलेली, वाळून दगड झालेली. विळीचं टोक घालून त्यांना ती सोडवावी लागली.

३

"हा जादूटोण्याचा प्रकार आहे," पियुष म्हणाला.

पियुष हा वरच्या खोलीतला गिऱ्हाईक, अमरावतीकडचा, प्लायवूडच्या कंपनीचा विक्रेता. लकडगंजात व्यापाऱ्यांना भेटायला आला आणि बंदमध्ये अडकला. सकाळपासून तो जिन्यावरून वर-खाली करत होता आणि दर खेपेला फोनकडे बघून एक उसासा टाकत होता. यमुताईंना तो माणूस आवडला नव्हता, पण न आवडणं हा पुरावा नव्हे, हेही त्यांना कळत होतं.

रुखमाबाई आंघोळीला गेल्या असताना कोण कुठे होतं, ते यमुताईंनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. पियुष आधी म्हणाला, खोलीत होतो. मग म्हणाला, कडुलिंबाखाली होतो, पण सिगारेट ओढायला. दुखवट्याच्या दिवशी मिळणार नाही म्हणून त्यानं शेवटच्या दोन जपून ठेवल्या होत्या. थोटूक त्यानं दाखवलं. गाडग्याकडे पाहवत नव्हतं म्हणून पाठ करून उभा होतो, हेही त्यानं कबूल केलं.

भूमिका गच्चीवर आईशी फोनवर बोलत होती. वडील? ते मागे नळावर पंचा धूत होते, असं तिला वाटलं. पाण्याचा आवाज येत होता. यमुताईंनी तिला सहज विचारलं, की बाबा वाटेत हाक देत होते का? मुलगी थांबली. मग म्हणाली, मी झोपली होती.

रात्रभर? यमुताईंनी विचारलं. पोरगी रडायला लागली तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं आणि पुढचं विचारलं नाही.

भैय्याजी फाटकापाशी होता असं म्हणत होता, आणि त्याला तिथे पाहिलेलं कोणी नव्हतं. तेवढ्यात पियुषनं गड्याच्या खोलीच्या कोनाड्यात लिंबू, शेंदूर आणि काळा दोरा शोधून काढला आणि अंगणात आणून ठेवला. भैय्याजीचा चेहरा उतरला. लॉजला नजर लागू नये म्हणून दर शनिवारी मीच बांधतो, ताईंना माहीत आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. यमुताईंना माहीत होतं. पण रुखमाबाईंच्या डोळ्यांत आता विस्तव पेटला होता. त्या म्हणाल्या, पोलिसांना बोलवा. अंधार पडायच्या आत माझे नाना मला पाहिजेत, उद्या नदीवर मी काय रिकामं गाडगं नेऊ?

"पोलीस कायले, बाई?" लहानू बहिणीला म्हणाला. गाडगं रिकामं निघाल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. "हा माणूस तसा नाही. यानं नाही केलं."

"तुले काय माहीत?"

लहानू खाली बसला आणि पंच्याची दशी ओढत राहिला.

यमुताईंच्या कानाला मात्र ते लागलं. आज सकाळी ज्याला पहिल्यांदा पाहिलं, त्याची हा माणूस हमी घेतो? स्वतःच्या बापाच्या अस्थी गेल्या असताना? त्यांनी रुखमाबाईंना सांगितलं, की दिवेलागणीपर्यंत मला वेळ द्या. तोवर नाही सापडलं तर मी स्वतः ठाण्यात फोन करते.

 भैय्याजीनं नुसतं यमुताईंकडे पाहिलं आणि कोनाड्यातलं लिंबू परत नेऊन ठेवलं.

४

यमुताई अंगणभर फिरल्या. घरात जाऊन आल्या, परत बाहेर आल्या. टीव्हीवर फुलांनी झाकलेली गाडी हळूहळू चालली होती, तिच्यामागे माणसांची रांग संपत नव्हती. त्यांनी आवाज बंद केला, मग शांतता सहन होईना म्हणून पुन्हा लावला.

एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता. चोरानं गाडगं परत का टांगलं? अस्थी पाहिजे होत्या तर अख्खं गाडगं न्यावं. रिकामं करून, फडकं बांधून, पुन्हा शिंक्यात ठेवायचे कष्ट कोण घेईल? तर ज्याला गाडगं लपवता येणार नव्हतं तोच. फाटक बंद, खोल्यांची झडती होणार हे नक्की. गाडगं सापडलं असतं. राख मात्र कुठेही मिसळून जाते.

पण मग त्याला राख नकोच होती का?

रुखमाबाईंनी फेकलेली दोरी ओट्याच्या कडेला पडली होती. सुती, जाडसर. यमुताईंनी ती उचलली, बोटांतून ओढली, आणि एका जागी बोट अडलं. रुखमाबाईंनी विळीनं सोडवलेली जागा वेगळी होती, तिथे दोरी चुरगळली होती. ही दुसरीच. एक इवलीशी गाठ, चपटी, दिसेल न दिसेल अशी. दोरी तिथे तुटलेली होती आणि पुन्हा जोडलेली होती. टोकं कात्रीनं कापलेली नव्हती, दातानं तोडल्यासारखी होती.

चोराला दगड झालेली गाठ सुटली नाही, तेवढा वेळही नव्हता. त्यानं दोरी तोडली. इथवर सरळ होतं. पण घाईतला माणूस तुटलेली दोरी कशी बांधतो? दोन्ही टोकं धरून मारतो एक गाठ, मोठी, कशीही. यमुताईंनी स्वतः दोन-तीनदा मारून पाहिली. प्रत्येक वेळी लाडवाएवढी गाठ झाली.

त्या दोरी घेऊन रुखमाबाईंकडे गेल्या. रुखमाबाई ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी दोरी हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, ही कोष्ट्याची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "मागावर सूत तुटते ना, तं अशी सांधतेत. फणीत अडकली नाही पाहिजे म्हणून. नानांनी शिकवली होती आमाले."

आमाले म्हणजे कोणाला, असं यमुताईंनी विचारलं.

"मले अन् लहानूले. भूमिकेले माग ठाऊकच नाही." त्या थांबल्या. मग यमुताईंकडे रोखून पाहत म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मते मी घेतले का माह्या नानाले?"

५

यमुताईंना त्या क्षणी स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. अस्थी खाप्यालाच जाव्यात म्हणून भावापासून लपवून ठेवणारी बहीण, हे पटण्यासारखं होतं. पण जिनं चोरी केली तीच ही गाठ आमच्या घरची आहे म्हणून सांगेल? तेही कोणी खोदून विचारायच्या आत?

त्या मागच्या नळावर गेल्या. नळाच्या बाजूला मोगऱ्याच्या कुंड्या. लहानूनं पंचा धुतला ती जागा अजून ओली होती. तिसऱ्या कुंडीतली माती बाकीच्यांपेक्षा फिकी दिसली. यमुताईंनी बोटं घातली. राख. पाणी टाकून, वरून माती ओढून ठेवलेली.

त्यांनी ती मूठभर काढली, पदरावर घेतली आणि चोळून पाहिली. आयुष्यात त्यांनी सासऱ्याच्या, आईच्या, नवऱ्याच्या अस्थी पाहिल्या होत्या. त्या राखेत कोळसा असतो, गोवरीचे तुकडे असतात, हाडांचे बारीक कण बोटाला टोचतात. कोणी मोठी हाडं वेचून नेली तरी ते कण राहतातच. ही राख चाळलेल्या मैद्यासारखी मऊ होती. त्यांनी ती नाकाशी नेली. धुपाचा वास आला. देवळातल्या धुनीची राख ती.

यमुताई नळाच्या कठड्यावर बसल्या. आता सगळं एका रांगेत आलं, आणि त्यांना वाईट वाटलं.

दिवे लागायच्या सुमारास त्यांनी लहानूला स्वयंपाकघरात बोलावलं. तो उंबऱ्यात बसला. त्यांनी त्याच्यापुढे दोरी ठेवली आणि पदरातली राख. 

मग त्या बोलल्या, हळू. म्हणाल्या, तू सुतकात कप शिवत नाहीस, आणि बापाच्या अस्थी भाकरीजवळ ठेवतोस, तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. वाटेत तू हाक दिली नाहीस. देणार कोणाला? नेहमीसारखा दिवस असता तर सकाळीच गाडी मिळाली असती, फडकं न सोडता गाडगं सरळ नदीत गेलं असतं, आणि कोणाला कळलं नसतं. पण आज सारं बंद झालं. बाईच्या हाती रिकामा दिवस आला. दूध मिळणार नाही म्हणून तू आशेवर होतास, तर गवळी आला. बाईनं गाडगं उघडलं असतं आणि आत हाड नाही हे पाहिलं असतं. म्हणून ते तिच्या आधी रिकामं व्हायला हवं होतं. दोरी दातानं तोडलीस, आणि बांधताना हातानं आपलं काम केलं. हाताला तू सांगितलंही नसशील.

"त्या गड्याचं नाव घेतलं तेव्हा तुले राहवलं नाही," यमुताई म्हणाल्या. "ते बरं केलं. पण आता तूच सांग, लहानू. नाहीतर मले सांगावं लागेल, अन् माह्या तोंडून ते वाईट लागेल."

लहानूनं पंचा तोंडावर धरला. बराच वेळ खांदे हलत होते.

"तिसऱ्या दिवशी माही शिफ्ट होती," तो म्हणाला. "मालकाले म्हटलं, बाप गेला, राख सावडाची आहे. तो म्हणे, गेला त्या दिवशी सुट्टी देल्ली ना. आता जाशील तं परत येऊ नको. मी म्हटलं, सुटल्यावर जाईन. संध्याकाळी मसणात गेलो तं ओटा धुतलेला होता. तिथला माणूस म्हणे, दिवसभर कोणी आलं नाही, दुसरी मयत आली, मी नदीत सोडून देल्लं." त्यानं नाक पुसलं. "गाडगं मी आधीच घेऊन ठेवलं होतं. ते हातात घेऊन मी तिथंच उभा राहिलो, ताई. बाईले कोणत्या तोंडानं सांगू? रस्त्यात देऊळ होतं. तिथली भरली."

भूमिकेला ठाऊक आहे का, असं यमुताईंनी विचारलं. तो म्हणाला, बापाला हाक देत नाही हे पाहून तिला संशय आला असेल. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. निवेदक सांगत होता, की सारा देश आज थांबला आहे.

"हे ऐका," लहानू म्हणाला. "घरून फोन आला होता. माह्या मालकाचेही माग आज बंद आहेत. दुखवटा आहे म्हणून. माह्या बापासाठी त्याची एक शिफ्ट थांबली नाही."

"मले सांगाचं होतं," उंबऱ्यामागून आवाज आला.

रुखमाबाई किती वेळ तिथे उभ्या होत्या कोण जाणे. लहानू उठायला गेला, पण उठता येईना. म्हणाला, बाई, तू मला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

"नसतंच केलं," रुखमाबाई म्हणाल्या, आणि तिथून निघून गेल्या.

६

त्या रात्री विश्राम लॉजमध्ये कोणी कोणाशी धड बोललं नाही. पियुषनं भैय्याजीला दोन सिगारेटींतली उरलेली एक नेऊन दिली. भैय्याजी सिगारेट ओढत नव्हता, पण त्यानं ती घेतली. लहानू कडुलिंबाखाली उघड्यावर पडून राहिला. यमुताई कितीदा तरी उठून खिडकीशी गेल्या. गुन्हेगार सापडला होता आणि तरीही काहीच सुटलं नव्हतं. अस्थी कन्हानला पोचायच्या होत्या, त्या पोचणार नव्हत्या. याला काय शोध लावला म्हणायचं? त्यांना स्वतःचाच राग आला.

सकाळी शटर उघडल्याचे खडखडाट गल्लीभर सुरू झाले. चौकात खाप्याची जीप लागल्याचं भैय्याजी सांगत आला. रुखमाबाई तयार होऊन बाहेर आल्या. त्यांनी रिकामं गाडगं उचललं आणि यमुताईंकडे हात पुढे केला.

"ती दोरी द्या, ताई."

यमुताईंनी दिली. रुखमाबाईंनी ती गाठीपाशी धरून पुन्हा एकदा अंगठ्यानं चाचपली. म्हणाल्या, नाना लहानूला शिकवत होते तेव्हा याला ही गाठ महिनाभर जमली नव्हती. फणीनं बोटावर मारायचे. मी कोपऱ्यात बसून हसायची. त्यांचं हाड तर आता मिळायचं नाही. पण त्यांच्या हातचं याच्या हातात आहे, हे या दोरीत आहे. त्यांनी दोरी गाडग्यात घातली, आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं वर लाल फडकं बांधलं, आणि भावाकडे न बघता फाटकाबाहेर पडल्या. दोन पावलांवर थांबून म्हणाल्या, यमुताईंनीही चलावं. लॉज भैय्याजी बघेल.

जीपमध्ये गाडगं रुखमाबाईंच्या मांडीवर होतं. लहानू समोरच्या बाकावर, भूमिका त्याला लागून. वाटेत एक नाला गेला, मग एका नदीचा पूल. हाक कोणी दिली नाही. यमुताईंना आता आपण उगाच आलो असं वाटायला लागलं, कारण या शांततेत त्यांच्या कानाला करण्यासारखं काही नव्हतं.

खापा जवळ आलं. झाडांच्या फटीतून कन्हान दिसली, उन्हात पसरलेली, पात्रातली वाळू पांढरी. लहानूनं तिच्याकडे पाहिलं, मग गाडग्याकडे. त्याचे ओठ हलले आणि थांबले. भूमिकेनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाना," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "नाना, कन्हान आली गा. उतराचं आहे आता."

रुखमाबाईंनी मांडीवरचं गाडगं उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि जीप थांबली.